चालकाचा शब्द आणि यंत्राचा कान

१

आपल्या शाळांतून 'श्रुतलेखन' नावाचा एक प्रकार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. गुरुजींनी सांगायचे आणि मुलांनी लिहून घ्यायचे. प्रकार वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु वस्तीतून शाळेत आलेल्या मुलाच्या वहीवर लाल शाई अधिक का सांडते, याचा विचार श्रुतलेखन घेणाऱ्यांनी फारसा केला नाही. ते मूल आपल्या घरात जसे बोलले जाते तसे लिहिते. त्याच्या आईच्या तोंडी 'न्हाई' असते, 'व्हतं' असते, 'म्या' असते. वहीत ते उतरले की ती चूक ठरते. सांगण्याचा अधिकार दुसऱ्याचा आहे आणि आपल्या आईची भाषा ही चूक आहे, असे दोन धडे ते मूल एकाच तासात शिकते. पुढे ते शाळा सोडते आणि कुणाच्या तरी गाडीवर क्लीनर म्हणून चढते, तेव्हा हे दोन्ही धडे त्याच्याबरोबर गाडीत चढलेले असतात.

आज हा प्रकार उलटा झाल्यासारखा दिसतो. माणसाने बोलायचे आणि यंत्राने लिहायचे. गुगल कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठीची भर घातली. तेव्हापासून साध्या फोनवरही मराठी बोलले की देवनागरी अक्षरे उमटू लागली. ट्रकचालकाला ही सोय विशेष उपयोगाची, असे सांगितले जाते. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गुंतलेले, डोळे रस्त्यावर. मोकळे असते ते फक्त तोंड. डिझेल किती भरले, टोल किती गेला, वाराई किती द्यावी लागली, माल किती वाजता उतरला, हे सारे त्याने चालता चालता बोलावे आणि यंत्राने टिपून घ्यावे.

इथपर्यंत गोष्ट हिशेबाची आहे. परंतु आपल्या वर्तुळातील काही उत्साही मित्र याच्या पुढे जातात. लेखणीची मक्तेदारी आता मोडली, असे ते म्हणतात. ज्याला लिहिता येत नाही किंवा लिहायला वेळ नाही असा श्रमिक आता आपले जीवन थेट बोलून लिहील आणि दलित आत्मकथनाचा पुढचा टप्पा ट्रकच्या केबिनमधून येईल, असा त्यांचा दावा आहे. दावा आकर्षक आहे, म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. सांगणाऱ्याच्या हाती खरोखर सत्ता आली आहे काय? की लिहून घेणारा फक्त बदलला आहे?

२

सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही गोष्ट आपल्या साहित्याला नवी नाही. चोखामेळ्याचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. तुकारामांचे अभंग संताजी जगनाडे या तेल्याने लिहून ठेवले, हीही परंपराच. या दोन जोड्यांत मोठा फरक आहे. संताजी तुकारामांच्या बरोबरीने कष्टकरी जातीतला होता. ऐकणारा आणि सांगणारा एका पंगतीतले होते. चोखामेळ्याच्या बाबतीत ज्याला देवळाची पायरी ओलांडता येत नव्हती त्याचा शब्द, देवळात जाऊ शकणाऱ्याच्या हातून कागदावर आला. त्या हाताने काय गाळले आणि काय मवाळ केले, हे तपासायला आज आपल्याजवळ साधन नाही. चोखामेळ्याच्या अभंगांतील शरणागतीवर आपण टीका करतो तेव्हा लिहिणाऱ्या हाताचा हा प्रश्न जमेस धरला पाहिजे.

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्या गात, आणि घरातल्यांनी ती गाणी टिपून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांचा संग्रह आला. टिपणारा घरातला होता म्हणून खानदेशी बोली वाचली. तोच एखादा शुद्धलेखनवाला असता तर आज आपल्या हाती काय आले असते, याची कल्पना करावी.

उलट बाजूचे उदाहरण जोतीराव फुल्यांचे आहे. १८८८ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात निकामी झाला. सांगून लिहवून घेणे त्यांना अशक्य नव्हते. सत्यशोधक समाजात लिहिणाऱ्यांची वाण नव्हती. तरीही 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हाताने लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. मला या हट्टाचा अर्थ असा लागतो की, लिहिणे ही केवळ शब्द टिपून ठेवण्याची क्रिया नाही. लिहिताना माणूस थांबतो, खोडतो, स्वतःशी वाद घालतो. ती क्रिया दुसऱ्याच्या स्वाधीन करणे म्हणजे विचाराचा एक भाग त्याच्या स्वाधीन करणे होय.

ध्वनिमुद्रणाचे यंत्र आले तेव्हाही आजच्यासारखाच आनंद झाला होता. अमेरिकेत स्टड्स टर्केल यांनी शेकडो श्रमिकांची बोलणी टेपवर घेऊन १९७४ मध्ये 'वर्किंग' हा ग्रंथ काढला. त्यात पोलाद वाहणारा ट्रकचालकही बोलतो. ग्रंथ थोर आहे, पण मुखपृष्ठावर नाव टर्केल यांचे आहे. आपल्याकडे ओडिशातील एका अस्पृश्याचे जीवनकथन जेम्स फ्रीमन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने नोंदवून घेतले आणि १९७९ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. सांगणारा त्यात 'मुली' या टोपणनावाने वावरतो. त्याच्या संरक्षणासाठी ते आवश्यक असेलही. पण एक वर्ष आधी, १९७८ मध्ये, मराठीत 'बलुतं' आले होते आणि त्यावर दया पवार हे नाव होते. एका पुस्तकात दलित हा अभ्यासाचा विषय आहे, दुसऱ्यात तो लेखक आहे. दलित साहित्याची सारी लढाई या अंतरासाठी होती.

आणि श्रम करता करता लिहिणे हेही आपल्याला नवे नाही. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले ते आपल्या छोट्या दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, घरातल्यांपासून कागद लपवीत. ते लेखन पुस्तकरूपाने यायला १९८६ साल उजाडले. नामदेव ढसाळ मुंबईत टॅक्सी चालवीत होते आणि १९७२ मध्ये 'गोलपिठा' आला. कोइमतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांनी पोलीस कोठडीतील छळावर 'लॉक अप' लिहिले. त्यावर २०१५ मध्ये 'विसारणै' हा तमिळ चित्रपट निघाला. कोलकात्यात सायकलरिक्षा ओढणारे मनोरंजन ब्यापारी आज बंगालीतील महत्त्वाचे दलित लेखक आहेत. यांपैकी कुणापाशीही बोलून लिहिण्याचे यंत्र नव्हते. त्यांच्यापाशी गिऱ्हाइकांमधली, भाड्यांमधली फट होती. गाडी उभी असतानाचा तो वेळ त्यांचा स्वतःचा होता. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे तो निर्णायक ठरणार आहे.

३

आता यंत्राच्या कानाकडे वळू. हे यंत्र माणसासारखे ऐकत नाही. आवाजाचे ते अतिशय बारीक तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यापुढे कोणता उच्चार असण्याचा संभव अधिक, याचा हिशेब मांडते. हा हिशेब त्याला शिकवला जातो तो आधी गोळा केलेल्या हजारो तासांच्या बोलण्यावरून आणि त्या बोलण्याच्या लिखित प्रतींवरून. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, हे ते छापील आणि संगणकावरील मजकुरावरून शिकते. म्हणजे ज्यांचे बोलणे नोंदले गेले आणि ज्यांचे लिहिणे छापले गेले, त्यांची भाषा त्याला चांगली कळते. ज्यांचे दोन्ही झाले नाही, त्यांची भाषा त्याला परकी. अनोळखी शब्द कानी पडला की ते बहुधा थांबून विचारत नाही. ओळखीच्या शब्दांतला जवळचा उचलते आणि लिहून मोकळे होते. चालकाने 'वाराई' म्हटले आणि यंत्राने 'वारी' लिहिले, तर माल उतरवताना त्याच्या खिशातून गेलेली रक्कम पंढरीला पोहोचली म्हणायची! हसण्यासारखे आहे, पण ज्याचे पैसे गेले त्याने हसावे कसे?

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमेझॉन, ॲपल, गुगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांची अशी यंत्रणा गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या बोलण्यावर तपासली गेली. गोऱ्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, काळ्यांच्या बोलण्यात ३५. संशोधकांच्या मते दोष मुख्यत्वे उच्चार पकडण्याच्या भागात होता, आणि काळ्यांच्या बोलण्याचा पुरेसा नमुना यंत्रापुढे आलेला नसणे हे त्याचे संभाव्य कारण होते. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला 'दलित पँथर' हे नाव दिले, ते अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगण्यासाठी. ते नाते इथे पुन्हा उमटते आहे. हार्लेमच्या माणसाला जे यंत्र नीट ऐकत नाही, ते मराठवाड्यातील मांगवाड्याला किंवा पारध्यांच्या पालाला नीट ऐकेल, असे मानायला आधार काय?

म्हणजे श्रुतलेखन उलटे झाले, पण लाल शाई गेली नाही. पूर्वी गुरुजी चूक दाखवीत. निदान मुलाला ती दिसत तरी होती. आता यंत्र चूक न दाखवता परस्पर दुरुस्ती करते, आणि दुरुस्त केलेला शब्द बोलणाऱ्याच्या नावावर जमा होतो. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' १९६३ मध्ये आला, त्यानंतर 'गोलपिठा', 'बलुतं', 'उपरा', 'उचल्या' आले. या पुस्तकांच्या भाषेवर नाके मुरडली गेली. शब्दकोशात नसलेले शब्द त्यांनी साहित्यात आणले आणि मराठी भाषेला आपले अंगण वाढवायला लावले. ज्या यंत्राला रूढ शब्दच अधिक संभवनीय वाटतो, त्याच्या कानातून 'गोलपिठा' गेला असता तर काय उरले असते?

यावर उपाय म्हणून बोलींचे नमुने गोळा करण्याचे काम देशात चालू आहे. केंद्र सरकारचा 'भाषिणी' प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. लोकांनी आपला आवाज द्यावा यासाठी त्यात 'भाषादान' नावाचा उपक्रम आहे. आयआयटी मद्रासमधील 'एआयफॉरभारत' हा गटही भारतीय भाषांतील बोलणे नोंदवतो आहे. या कामाचे स्वागत केले पाहिजे, आणि आपल्या लोकांचे आवाज त्यात गेले पाहिजेत. पण 'दान' हा शब्द मला खटकतो. ज्या समाजाकडून शतकानुशतके श्रम फुकट घेतले गेले आणि त्याला कधी बलुते, कधी धर्म असे नाव दिले गेले, त्याच्यापुढे 'दान' शब्द जपून उच्चारावा. आवाज हेही श्रमाचे फळ आहे. तो घेणाऱ्याने कशासाठी घेतला, कुठे ठेवला, त्यावर नफा कोण मिळवणार, हे सांगितले पाहिजे. हक्क आणि दान यांतला फरक आंबेडकरी चळवळीला कुणी शिकवण्याची गरज नाही.

४

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. हात मोकळे राहिले म्हणजे धोका टळला, अशी एक समजूत पसरवली जाते. कायदाही बहुतांशी हातापाशीच थांबतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरून फोन वापरणे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते, आणि २०२० च्या नियमदुरुस्तीने असा फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरण्याची मुभा ठेवली. पण माणूस नुसत्या हातांनी गाडी चालवीत नाही. यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील 'ट्रिपल ए फाउंडेशन'साठी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाडीतील यंत्राशी बोलून झाल्यावरही चालकाचे लक्ष पूर्णपणे रस्त्यावर परतायला काही प्रसंगी २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो, असे त्यात आढळले. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी २७ सेकंदांत ४५० मीटर अंतर कापते. तो अभ्यास मोटारींवर झाला होता. माल भरलेला ट्रक खंबाटकी किंवा कसारा घाट उतरताना ४५० मीटर म्हणजे काय, हे घाट उतरणाऱ्यालाच विचारावे.

आणि वाक्य जुळवणे हे हिशेब सांगण्यापेक्षा जड काम आहे. जो आपल्या अपमानाची आठवण बोलून लिहितो आहे, त्याचे मन त्या वेळी गावच्या पाणवठ्यावर असते. ते एकाच वेळी समोरच्या ट्रकच्या ब्रेकलाइटवर राहू शकत नाही. गाडी चालवताना आत्मकथन सांगावे, असा सल्ला चालकाला देणारा त्याचा मित्र नव्हे.

परंतु हा सल्ला मुळात निघतो कुठून? तो निघतो चालकाला दुसरा वेळच नाही, हे गृहीत धरण्यातून. खरा प्रश्न या गृहीताचा आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना लागू होता. एकदोन गाड्यांच्या मालकाकडे राबणारा चालक त्याच्या बाहेरच राहिला. आता त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या कामगार संहितेने घेतली आहे. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत अशी अट होती. २०१८ मध्ये ती काढून टाकण्यात आली. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके १ जुलै २०१७ ला बंद झाले. २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला. नाक्यावरचे तिष्ठणे हा छळ होता आणि तो कमी झाला हे चांगलेच झाले. पण वाचलेले ते तास चालकाला विश्रांती म्हणून मिळाले, की एक खेप अधिक करण्यासाठी मालकाला मिळाले? याचे उत्तर कोणत्याही ढाब्यावर मिळते.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये गांधीवादावर टीका करताना यंत्राची बाजू घेतली होती. त्यांचा युक्तिवाद असा की, माणसाला पशुवत कष्टातून सोडवून फुरसत देण्याचे सामर्थ्य यंत्रात आहे, आणि फुरसतीखेरीज संस्कृती नाही. यंत्र दोषी नसते. त्याचा लाभ मूठभरांकडे नेणारी समाजरचना दोषी असते. मजूरमंत्री म्हणून १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनी मांडले, ते याच विचाराने. म्हणून आपल्या टीकाकाराने प्रत्येक नव्या यंत्राला विचारावयाचा प्रश्न ठरलेला आहे. ते श्रमिकाला फुरसत देते काय? चालत्या ट्रकमधील श्रुतलेखन फुरसत देत नाही. उलट हात आणि डोळे मालकाच्या कामाला जुंपल्यावर जो एक मनाचा कोपरा चालकापाशी शिल्लक होता, गाणे गुणगुणण्याचा, घर आठवण्याचा, नुसते गप्प राहण्याचा, त्यालाही ते कामाला लावते. आज तो कोपरा आत्मकथनासाठी मागितला जात आहे. उद्या मालाच्या अहवालासाठी मागितला जाईल. आणि दुसरी मागणी पहिलीपेक्षा कितीतरी जोरात येईल.

५

तिसरा मुद्दा साहित्याच्या स्वरूपाचा आहे. मौखिक ते सारे बहुजनांचे आणि लिखित ते सारे ब्राह्मणांचे, अशी एक सोपी विभागणी आपल्या चर्चेत रूढ झाली आहे. ती खरी नाही. वेद शतकानुशतके मौखिकच होते, आणि त्या मौखिकतेभोवती सर्वांत कडक कुंपण होते. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू ओतावा आणि उच्चारणाऱ्याची जीभ छाटावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ती शिक्षा कान आणि जीभ यांना आहे, हाताला नाही! तेव्हा बोलण्याचे यंत्र आले म्हणजे सत्ता आपोआप लोकांकडे आली, असे समजू नये. कोण बोलतो, कोण ऐकतो आणि ऐकलेल्याचे काय होते, यावर ते ठरते.

आपल्या परंपरेतील मौखिकता कधी एकट्याची नव्हती. आंबेडकरी जलशात समोर वस्ती बसलेली असे. वामनदादा कर्डकांचे गाणे लोकांच्या ओठांवर परतून येई तेव्हा ते पुरे होई. अण्णाभाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले असे सांगतात; त्यांचे विद्यापीठ गिरणगाव, तमाशाचा फड आणि लाल बावटा कलापथक हे होते. त्यातून १९५९ मध्ये 'फकिरा' आली. ऐकणारा हुंकार देतो, शंका विचारतो, चुकले तर टोकतो, आणि सांगणाऱ्याची गोष्ट त्यातून घडत जाते. यंत्र हुंकार देत नाही. त्याच्यापुढे तासभर बोललेले लिहून निघाले तरी ती कच्ची नोंद राहते. कलावादी समीक्षक त्यावर 'हे साहित्य नव्हे, कच्चा माल आहे' असे म्हणेल, आणि या एका बाबतीत तो अर्धा बरोबर असेल. त्याची चूक एवढीच की, कच्च्या मालाचे साहित्य होण्याला प्रतिभा पुरते असे तो समजतो. त्याला वेळ, जागा, ऐकणारी माणसे आणि पुन्हा वाचण्याची उसंत लागते, हे त्याला दिसत नाही. कारण त्याला ती जन्मतः मिळालेली असते.

बौद्ध परंपरा इथे उपयोगी पडते. भगवान बुद्धाचे शब्द दीर्घकाळ मुखोद्गत राहिले. ते इसवी सनपूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लिहिले गेले. त्या सुत्तांच्या आरंभी सांगणारा आपण हे ऐकले असल्याची कबुली देतो. म्हणजे बोलणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये एक कान आहे, हे त्या परंपरेने लपवले नाही. आजचे यंत्र नेमके हेच लपवते. पडद्यावर उमटलेले अक्षर जणू बोलणाऱ्याच्या तोंडून थेट आले आहे, असा भास ते निर्माण करते.

केबिनमध्ये आणखी एक कान असतो, आणि त्याला आपण विसरतो. तो क्लीनरचा कान. आजकाल पुष्कळ मालक क्लीनर ठेवत नाहीत. जिथे तो आहे तिथे तो टायर ठोकतो, काच पुसतो, शिव्या खातो आणि ताडपत्रीवर झोपतो. बोलणारा चालक, लिहिणारे यंत्र आणि गप्प बसलेला क्लीनर, हे चित्र मुक्तीचे नाही. चालक मालकाच्या पायाखाली असेल, पण क्लीनर चालकाच्या पायाखाली आहे, आणि दलित साहित्याने हा तळ पाहिला नाही तर दुसरे कोण पाहणार? अर्धी शाळा सोडून आलेल्या त्या पोराला चालकाने दोन शब्द सांगावेत, त्याने ते वहीत लिहावेत, ढाब्यावर वाचून दाखवावेत. चालकाची नोंद होईल आणि पोराचे अक्षर सुटणार नाही. संताजीचे नाते ते हेच.

६

एवढे म्हटल्यावर यंत्र फेकून द्यावे, असा निष्कर्ष कुणी काढू नये. नोंद हे श्रमिकाचे शस्त्र आहे. किती तास चालवले, कुणी न झोपता पुढे जायला भाग पाडले, कुठे पैसे उकळले, हे तारीख, वेळ आणि ठिकाणासह लिहिलेले असेल तर तो माणूस भांडू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे चालक रस्त्यावर उतरले. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत कैद सांगणारे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२) हे त्याचे कारण होते. १ जुलै २०२४ ला संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवावे लागले. जमावाच्या भीतीने चालक पळतो, हे त्या वेळी चालक जीव तोडून सांगत होते. हे अनुभव तारीखवार नोंदलेले असते तर त्यांचे म्हणणे किती बळकट झाले असते!

फक्त यंत्रावर आपल्या अटी लादल्या पाहिजेत. त्या अटी शोधायला दूर जायला नको. अत्याचारविरोधी कायद्याचे काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे की, पीडित काय सांगतो आणि ठाणे अंमलदार काय लिहितो यांत किती अंतर पडते, आणि त्या अंतरात खटले कसे बुडतात. म्हणूनच १९८९ च्या कायद्यात २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कलम ४ मध्ये अधिकाऱ्याचे कर्तव्य घातले. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर, सही घेण्यापूर्वी, ती माहिती देणाऱ्याला वाचून दाखवली पाहिजे. हाच नियम आपण यंत्राला लावावा. यंत्राने लिहिलेले कोणतेही बोलणे, बोलणाऱ्याला वाचून दाखवल्याखेरीज त्याचे मानू नये, छापू नये.

त्याच ओघात आणखी चार गोष्टी. नोंद गाडी उभी करूनच करावी, आणि उभे राहण्याचा तो वेळ कामाच्या तासांत धरला जावा अशी मागणी संघटनांनी करावी. मूळ आवाज पुसू नये. अक्षराबद्दल शंका आली तर आवाज प्रमाण मानावा. 'न्हाई'चे 'नाही' करणारा संपादक माणूस असो की यंत्र, त्याला तो अधिकार नाही. आणि पुस्तक निघाले तर मुखपृष्ठावर सांगणाऱ्याचे नाव असावे. लिहून घेणाऱ्याचे आत, आभारात.

हे काम विद्यार्थी आणि शिक्षक करू शकतात. ट्रान्सपोर्टनगरे, बाजार समित्या, बंदरांबाहेरच्या रांगा आपल्या गावांपासून दूर नाहीत. तिथे गाड्या उभ्या असतात आणि माल उतरण्याची वाट पाहणारी माणसे बोलायला तयार असतात. आजवर त्यांचे साहित्य गाडीच्या मागच्या फळीवर, रंगाऱ्याच्या हातून लिहिले गेले. 'जय भीम' हे दोन शब्दही तिथे एखाद्या वाक्याइतके बोलले. त्या फळीवर मावत नाही ते सारे अजून सांगायचे राहिले आहे. ते ऐकायला आपण जायचे की ते काम कंपनीच्या कानावर सोपवून मोकळे व्हायचे, एवढेच ठरवायचे आहे.